भिंत उतरवताना

मे महिन्याच्या शेवटी, शाळा उघडायच्या दोन दिवस आधी मी वर्गाची भिंत उतरवते. म्हणजे वर्षभरात तिच्यावर जे जे चढलं ते सगळं काढते. चिकटपट्टी ओढली की चुन्याचा पापुद्रा सोबत येतो. खळीने डकवलेले कागद ओल्या फडक्याने भिजवावे लागतात. एखाद्या तक्त्यामागे पालीची अंडी निघतात. सातवीच्या दोन-तीन मुली मदतीला येतात आणि त्यांना दरवर्षी हळहळ वाटते. "बाई, एवढं चांगलं हाय की, राहू दे ना," म्हणतात. पूर्वी मीही राहू द्यायची. आता देत नाही.

आमची शाळा कर्नाटकातली, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, सरकारी, मराठी माध्यमाची. पहिली ते तिसरीची मुलं माझ्याकडे एकाच खोलीत बसतात. वर कौलं, एका बाजूला दोन खिडक्या. सह्याद्रीच्या या अंगाला पाऊस लागला की जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला ओल येते, कागद कडेने वळतो, स्केचपेनची शाई फुटते. भिंतीवर काय टिकतं आणि काय नाही हे मला आधी पावसाने शिकवलं, मुलांनी नंतर.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सुट्टीचे पंधरा दिवस वर्ग सजवण्यात घालवले होते. थर्माकोलचं झाड, जिलेटिनची फुलपाखरं, चकचकीत कागदावर बाराखडी, छताजवळ थोर पुरुषांची रांग, दाराच्या चौकटीवर सुविचार. बेळगावच्या दुकानातून आणलेले छापील तक्ते वेगळेच. तपासणीला आलेले अधिकारी दारातच थांबले, "भिंती अगदी बोलक्या आहेत," म्हणाले, फोटो काढला. त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नव्हती.

त्याच वर्षी दिवाळीनंतर दुसरीतल्या एका मुलीकडून मी अक्षरं म्हणून घेत होते. अ अननसाचा, आ आईचा, इ इमारतीचा अशी छडीबरोबर ती झरझर चालली होती. मध्येच बाहेरून कोणी हाक मारली, मी वळले, आणि परत येऊन छडी ठेवली ती सरळ 'ए'वर. मुलगी गप्प. तिचे ओठ मात्र हलत होते. ती मनात अननसापासून निघाली होती आणि एकेक पायरी चढत 'ए'पर्यंत येत होती. आली आणि म्हणाली, "ए एडक्याचा." मग मी तळहाताने चित्रं झाकली आणि नुसतं अक्षर दाखवलं. तिला ते सांगता आलं नाही. एकही नाही.

तिच्या शेजारी त्याच वर्षी दाखल झालेला एक मुलगा बसला होता. त्याला हा तक्ता पाठ नव्हता. मी त्याला तेच अक्षर दाखवलं. त्याने चित्र नीट निरखलं आणि ठामपणे सांगितलं, "मे." मी विचारलं, मे कसा? तो म्हणाला, "मेंढरू हाय की ते." त्या क्षणी मला जे कळलं ते डी.एड.च्या दोन वर्षांत कळलं नव्हतं. तो मुलगा वाचत होता. चित्रात काय आहे, त्या नावाचा पहिला आवाज कोणता आणि म्हणून शेजारचं अक्षर कोणतं, हा सगळा विचार त्याने केला होता. चुकलेला होता तो तक्ता. 'एडका' हा शब्द आमच्या गावात कोणीही बोलत नाही.

अननसाचा तक्ता मी त्या शनिवारी काढला. सोमवारी मुलांना सांगितलं, घरातलं काहीतरी आणा. पिशव्या भरून आल्या. कौलाचा तुकडा, चिंचोके, भाताची लोंबी, फुटक्या मडक्याचा काठ, आजीचा अडकित्ता (तो मी दुपारीच परत पाठवला), जांभळाच्या बिया, ढोराच्या गळ्यातली घाट. वस्तू हातात धरायची, नाव मोठ्याने म्हणायचं, पहिला आवाज कोणता ते सगळ्यांनी ठरवायचं, आणि मग मी पुठ्ठ्यावर अक्षर लिहून द्यायची. चित्र मुलांनी काढायचं, खाली काढणाऱ्याचं नाव. तीन आठवडे लागले. 'ए'साठी काही केल्या वस्तू सापडेना. शेवटी एका मुलीने तोंडाशी हात धरून हाक मारणारा मुलगा काढला. "ए!" अशी हाक. ते कार्ड लावल्यावर 'ए' चुकणारं मूल मला त्या वर्षी भेटलं नाही.

बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात मला एक प्रयोग समजला. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी तो 2014 साली प्रसिद्ध केला. बालवर्गातली 24 मुलं, विज्ञानाचे सहा छोटे पाठ. तीन पाठ तक्ते-चित्रांनी भरलेल्या खोलीत, तीन मोकळ्या भिंतींच्या खोलीत. भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष 38.6 टक्के वेळ पाठावरून उडालेलं होतं, मोकळ्या खोलीत 28.4 टक्के. नंतरच्या चाचणीत भरलेल्या खोलीतल्या पाठांवरची 42 टक्के उत्तरं बरोबर आली, मोकळ्या खोलीतल्या पाठांवरची 55 टक्के. मुलं थोडी, देश दुसरा. एवढ्यावरून सगळ्या शाळांसाठी नियम करू नये, हे मला मान्य आहे. पण ते आकडे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर माझी जिलेटिनची फुलपाखरं आली. वाऱ्याने ती हलायची आणि पहिलीची सगळी रांग माना वर करून त्यांच्याकडे बघत बसायची. मी ओरडायची मुलांवर.

त्यानंतर मी एक गोष्ट केली आणि ती प्रत्येक नव्या शिक्षिकेने एकदा तरी करावी असं मला मनापासून वाटतं. शाळा सुटल्यावर वर्गात शेवटच्या रांगेत, पहिलीतलं मूल बसतं तिथे, खाली मांडी घालून बसले. तिथून माझे निम्मे तक्ते वाचता येत नव्हते. खिडकीसमोरच्या चकचकीत तक्त्यावर नुसता उजेड सांडला होता, अक्षर एक दिसत नव्हतं. थोर पुरुषांच्या फक्त हनुवट्या दिसत होत्या. फळ्यावरचा माझा स्वतःचा 'ध' आणि 'घ' सारखाच दिसत होता. सगळं मी माझ्या उंचीने लावलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलांच्या खांद्याच्या रेषेत खिळे मारून घेतले आणि सुतळी ताणली.

सुतळीची कल्पना माझी नाही. आमच्या आवाराला लागूनच कन्नड शाळा आहे. तिथल्या अक्कोरांच्या (तिकडे बाईंना अक्कोर म्हणतात) वर्गात मी पहिल्यांदा नली-कली या शिकवण्याच्या पद्धतीची मांडणी पाहिली. 'आनंदाने शिक' असा त्या नावाचा अर्थ. 1995 साली म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात हे सुरू झालं आणि पुढे कर्नाटकभर पसरलं. भिंतीच्या तळाला काळा रंग दिलेला, प्रत्येक मुलाचा फळ्याचा आपला तुकडा. मूल बसल्या जागेवरून लिहितं, पुसतं. डोक्यावर सुतळ्यांचं जाळं आणि त्याला मुलांनी केलेली कामं टांगलेली. या जाळ्याला त्या 'चप्पर' म्हणतात. मी म्हटलं, आमचं छप्परच की हे! अक्कोर हसल्या. "नुसतं लावायचं नाही हं बाई," त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "हप्त्याला काढायचं. नाहीतर मुलं बघत नाहीत." मराठी शाळेत हे कोणी मला सांगितलं नव्हतं. ते शेजारून आलं.

साहित्य म्हणजे पैसा, असं पुष्कळांना वाटतं. सर्व शिक्षा अभियानात शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला 500 रुपये मिळत, तेव्हा मार्चमध्ये ते संपवायची घाई असायची आणि सगळे जण थर्माकोलच आणायचे. त्याआधीची आठवण माझ्या स्वतःच्या शाळेची आहे. 1987 मध्ये देशभर खडू-फळा योजना सुरू झाली. दोन शिक्षक, दोन खोल्या आणि गरजेचं साहित्य प्रत्येक प्राथमिक शाळेला मिळावं ही तिची कल्पना. आमच्या गावात ती पेटी आली तेव्हा मी तिसरीत होते. त्यात भिंगं, लोहचुंबक, पृथ्वीगोल होता. गोल गुरुजींच्या कपाटावर ठेवला गेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरून सुतळीने बांधून. मोडेल म्हणून. मी सातवी पास होऊन बाहेर पडले तेव्हाही तो पिशवीतच होता. गुरुजी प्रेमळ होते, वस्तू जपणं हा त्यांच्या पिढीचा संस्कार होता, त्यांना मी दोष देत नाही. पण पृथ्वीचा आस कलता असतो हे मी 23.5 अंश म्हणून पाठ केलं आणि तो कल बोटांनी पहिल्यांदा अनुभवला तो शिक्षिका झाल्यावर. आमच्या शाळेतल्या गोलाचा युरोप आता मुलांच्या बोटांनी पुसट झाला आहे. मला तो तसाच आवडतो.

तारा मोडकांनी 1945 साली बोर्डीला गावातली बालशाळा सुरू केली, पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर ते काम वाढवलं. त्यांनी माँटेसोरीची महागडी साधनं बाजूला ठेवून खडे, शिंपले, बिया, पानं घेतली. हे मी परीक्षेसाठी वाचलं होतं. परीक्षा झाली, विसरलेही. चिंचोके हातात आल्यावर ते परत आठवलं.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवा.

मोठ्या वर्गांना भूगोल शिकवणाऱ्या सरांच्या रजेत पाचवी-सहावी माझ्याकडे आली होती. धडा नद्यांचा, शब्द 'जलविभाजक'. भिंतीवर राज्याचा नकाशा होता, निळ्या रेघांचा. मी छडीने दाखवलं, व्याख्या लिहून दिली, मुलांनी ती म्हणून दाखवली. आणि एकालाही काही कळलं नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. वाईट याचं वाटलं, की ही मुलं त्या जलविभाजकावरच राहतात. आमच्याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते. आमच्याच तालुक्यात भीमगडच्या रानात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला जाते.

खानापूरला कुंभारकामाला आणि कौलांना चांगली माती आहे. दोन पोती मिळवली. शाळेच्या मागे मुलांनी उत्तर-दक्षिण डोंगराची रांग रचली, एका बाजूला उतार तुटक, दुसऱ्या बाजूला लांब आणि संथ. कणकुंबीला चिंचोका रोवला, भीमगडला खडा. पूर्वेच्या उतारावर सौंदत्ती, कारण यल्लम्माच्या यात्रेला सगळे जाऊन आलेले, आणि तिथे जवळच मलप्रभेवर नवीलतीर्थाचं धरण आहे. पश्चिमेला कडेशी एका मुलाने शिंपला ठेवला, ते पणजी.

मग तांब्याने माथ्यावर पाणी ओतलं. पाणी कुठेच गेलं नाही. मुरलं. दुसरा तांब्या, तोही मुरला. मी खट्टू झाले. तेव्हा मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "थांबा बाई, आधी माती भिजू दे. मिरगाला पण असंच होतंय की. पहिले आठ दिस वढ्याला पाणी येत नाही." मी पुस्तकातून जे शिकवलं नसतं ते ती बोलून गेली. पाचव्या तांब्याला पाणी माथ्यावर फुटलं. एक धार शिंपल्याकडे उतरली, दुसरी सौंदत्तीकडे सरकली. मुलं खाली वाकून बघत होती, कोणी काही बोलत नव्हतं. आणि मग सहावीतल्या एकाने मान वर करून शाळेच्या छपराकडे पाहिलं.

"बाई, हे आढ्यावानी हाय!"

कौलाचं आढं. त्याच्यावर पडलेल्या पावसाचं निम्मं पाणी अंगणात जातं, निम्मं परड्यात. प्रत्येक मुलाने पावसाळ्यात दारात बसून ते पाहिलेलं. मी विचारलं, मग अंगण कुठलं? "पुढं गोवा, मागं सौंदत्ती," एकाने सांगितलं. दुसऱ्याने त्याला दुरुस्त केलं, सौंदत्तीवर थांबत नाही, पुढे कूडलसंगमला कृष्णेत जातं. मग वर्गात येऊन त्यांनी तोच भिंतीवरचा नकाशा पाहिला. आता निळ्या रेघा वाहत होत्या. नकाशा चांगलाच होता. त्याची पाळी आधी आली, एवढीच चूक झाली होती, आणि ती माझी होती.

मातीचा तो डोंगर चार दिवसांनी पावसाने वाहून गेला. काही पालकांना हळहळ वाटली, फोटो तरी काढून ठेवायचा होता म्हणाले.

कन्नडचा विषय इथे येणारच. आम्ही सीमाभागातले. 1956 साली राज्यांची फेररचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, आणि माझे सासरे पुढे आयुष्यभर 1 नोव्हेंबरला दंडाला निषेधाची काळी फीत लावून फेरीत चालले. त्या घरात मी सून म्हणून आले. मराठी शाळा टिकावी ही तळमळ मलाही आहे, पट कमी होताना बघून मला रात्री झोप लागत नाही. म्हणून शाळेत कन्नडमधले तक्ते आले की सुरुवातीला मी ते गुंडाळून कपाटामागे ठेवायची. माझ्या मुलांना न वाचता येणारं भिंतीवर कशाला, असा माझा विचार. पण मुलांना कन्नड हा विषय होता, परीक्षा होती, आणि बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात तीच पाटी समोर होती. कपाटामागे ठेवून मी कोणाचं राखत होते?

एका वर्षी सुतळीवर आम्ही जोड्या लटकवायला घेतल्या. एका बाजूला मराठी शब्द, पाठीमागे कन्नड. मुलांनी घरून आणायच्या. तूप आणि तुप्प. अक्का आणि अक्क. कांबळं आणि कंबळी. सुतळी भरली. मग फसवे शब्द आले, ते मुलांना जास्त आवडले. आपली ताई म्हणजे मोठी बहीण, कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आपला काल म्हणजे गेलेला दिवस, तिकडे कालु म्हणजे पाय. घरी कन्नड बोलणारी दोन मुलं माझ्या वर्गात होती, एरवी मागे मागे राहणारी. त्या महिन्यात सगळा वर्ग त्यांच्याभोवती. दोन्ही वर्णमाला शेजारी लावल्यावर तिसरीतल्या एकाला दिसलं की क्रम एकच, पण त्यांच्याकडे 'ए' दोन आहेत. मी त्याला अक्कोरांकडे पाठवलं. तो धावत परत आला: "बाई, एले म्हणजे पान, त्यात ए चटकन संपतो. एणी म्हणजे शिडी, त्यात लांबतो!" मराठी लिहिताना आपण तो फरक करत नाही, हे त्याला कन्नडच्या तक्त्याने सांगितलं. तो दिवसभर मराठी शब्दांतले ए मोजत होता.

गणितातलं एकच सांगते. एकशे पाच लिही म्हटलं की दरवर्षी चार-पाच मुलं 1005 लिहितात. ऐकतात तसं लिहितात, शंभर आणि पाच. त्यावर मी खूप बोलले असेन, काही उपयोग झाला नाही. आता पुठ्ठ्याच्या पट्ट्या आहेत. 100 ची पट्टी लांब, 5 ची आखूड, आणि आखूड पट्टी लांबवर उजव्या कडेला बसते. पाचाने शेवटचं शून्य झाकलं की मूल स्वतःच "हां" म्हणतं. बाजूला खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहाच्या दहा जुड्या आणि पाच सुट्या. पट्ट्या भिंतीवर लावत नाही, डब्यात असतात, लागतील तेव्हा निघतात.

नकाशाशी माझं अजून एक देणं आहे. राज्याच्या नकाशात आमचा जिल्हा वरच्या डाव्या कोपऱ्यात. त्यापलीकडे कागद पांढरा. पण त्या पांढऱ्यात माझ्या मुलांच्या मावश्या राहतात, चंदगडला, गडहिंग्लजला. मामा गोव्यात कामाला. मी महाराष्ट्र आणि गोव्याचे नकाशे आणून शेजारी जोडायला गेले तर सीमा जुळेनात, कारण प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. प्रमाण म्हणजे काय हे शिकवायला त्यापेक्षा चांगली अडचण मिळाली नसती. मग व्हरांड्याच्या फरशीवरच खडूने काढलं, बेळगाव मध्ये ठेवून. पुणे-बेंगळुरू महामार्ग, आताचा 48 क्रमांकाचा, तो पांढऱ्या दोऱ्याने मांडला, वर मुंबईपर्यंत नेला. कोल्हापूर, निपाणी, धारवाड, हुबळी चिंचोक्यांनी. मुलांनी बेळगावपासून मुंबईपर्यंतचा दोरा मोजला, मग बेंगळुरूपर्यंतचा. रस्त्याने दोन्हीकडे साधारण 500 किलोमीटर. त्यांनी परत मोजला. एक मुलगी दोऱ्याच्या मधल्या चिंचोक्यावर पाय ठेवून दोन्ही हात पसरून उभी राहिली, आणि मग प्रत्येकाला तिथे उभं राहायचं होतं. मी ओळीने उभं राहू दिलं. मधली सुट्टी झाली, दासोहाची, म्हणजे दुपारच्या जेवणाची, घंटा झाली, तरी रांग संपेना.

परवा आलेले अधिकारी म्हणाले, भिंती रिकाम्या दिसतात. मी त्यांना डबे उघडून दाखवले, सुतळी दाखवली, मुलांना बोलावलं. त्यांनी शेऱ्यात काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. मला त्यांचाही राग नाही, त्यांच्याकडे दहा मिनिटं होती.

काल भिंत उतरवून झाली. मुलींनी झाडून घेतलं, चुन्याचे पापुद्रे गोळा केले. 'ए'चं कार्ड मात्र सातवीतल्या एकीने मागून घेतलं. हाक मारणारं ते पहिल्या वर्षाचंच चित्र. पुठ्ठ्याचे कोपरे मऊ पडले होते, काढणारीचं नाव अजून वाचता येत होतं. यंदा पहिलीला नऊ मुलं आहेत. सुतळी नवी ताणली आहे, एक टोक खिडकीच्या गजाला, एक खिळ्याला. कपड्यांचे चिमटे धुऊन डब्यात ठेवलेत. सोमवारी त्यांना सांगायचं आहे, घरातलं काहीतरी आणा.